सोन्याची लंका
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पंचवीस वर्षं तुम्ही मला पाण्याच्या टाकीवरून भांडणारे काका म्हणून ओळखता. आज सेक्रेटरी म्हणाले, फौजेतलं काही सांगा. तर सांगतो.

1987 च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. त्यात महार रेजिमेंटची आमची आठवी पलटण होती. मी सुटीवर आलो की यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर लोक विचारायचे, "काय भाऊ, लंकेतून सोनं आणलं की नाही?" शांतिसेना म्हटल्यावर तिथं लढाई असेल असं कोणाला वाटायचंच नाही.

आम्हालाही वाटलं नव्हतं. लिट्टेनं शस्त्रं खाली ठेवायची असं ठरलं होतं. ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढाई जुंपली. जाफन्यात जिकडेतिकडे ताडाची झाडं, अरुंद बोळ, आणि रस्त्यात पेरलेले सुरुंग. पुढच्याचं पाऊल जिथं पडलं तिथंच आपलं टाकायचं. मेजर रामस्वामी परमेश्वरन आमच्याच पलटणीचे. 25 नोव्हेंबरला झडतीवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मी त्या तुकडीत नव्हतो. शांतिसेनेचे हजारावर जवान तिथं कामी आले.

माझ्या मनात मात्र एक घर राहिलं आहे. झडतीत मी तांदळाच्या पोत्यात संगीन खुपसली. आत तांदूळच होता. तो सगळा जमिनीवर सांडला. घरची म्हातारी भिंतीला टेकून उभी. चुकलं म्हणायचं होतं, पण तमिळ येत नव्हती. येत होता तो एक शब्द तोंडातून निघाला, 'तण्णी', म्हणजे पाणी. तिनं विहिरीचं पाणी शेंदून आणून दिलं. मी ते प्यालो, आणि तांदूळ तसाच टाकून पुढच्या घरात शिरलो. हुकूमच तसा होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

मार्च 1990 मध्ये शांतिसेना मायदेशी परतली. मी घरी आलो तेव्हा आई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. तिनं विचारलं, "तिकडची माणसं कशी आहेत रे?"

म्हटलं, "आपल्यासारखीच. भात जास्त खातात."

सुपातले चार दाणे खाली सांडले होते. ते मी वेचून दिले आणि बाहेर गेलो.

जय हिंद.