गैरहजर सभासदांचे विधेयक



आज सकाळी धारूरचा घाट चढून मी या गावी येत होतो, तेव्हा माझ्या खिशात एक लिहिलेले भाषण होते. ज्याची सारी नोकरी विधेयकांचे मसुदे लिहिण्यात आणि इतरांनी लिहिलेले मसुदे तपासण्यात गेली, अशा सेवानिवृत्त माणसाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलाविले असता परिश्रम, चारित्र्य आणि मातृपितृभक्ती या तीन विषयांवर त्याने जे काही बोलावे अशी अपेक्षा असते, ते सर्व त्यात सुवाच्य अक्षरांत उतरविलेले होते. परंतु दुपारी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी या मंडपात भरविलेली अभिरूप विधानसभा पाहिली, आणि तो कागद मी खिशातच राहू दिला. ज्या व्यवसायात मी आयुष्य घालविले, तो व्यवसाय तुम्ही दीड तासात माझ्यासमोर मांडून दाखविला. आता त्याविषयी न बोलता चारित्र्यावर व्याख्यान देणे म्हणजे जेवणाऱ्याच्या पानात सुभाषित वाढण्यासारखे होईल.

सभागृहाची मांडणी तर नामी होती. शाळेतील सर्वांत उंच पाठीची खुर्ची अध्यक्षांना, मेजावर पितळी घंटा, सत्ताधाऱ्यांच्या डोक्यांवर फेटे, आणि विरोधी पक्षाला मंडपाची उन्हाकडची बाजू. ही शेवटची योजना योगायोगाने झाली की अनुभवाने, हे मी विचारले नाही. शिक्षणमंत्री झालेल्या नववीच्या मुलीने 'ऊसतोड कामगारांच्या पाल्यांचे शिक्षण-सातत्य विधेयक' मांडले, कलमवार चर्चा झाली, एक उपसूचना फेटाळली गेली, आणि अखेर टाळ्यांच्या गजरात विधेयक मंजूर झाले.

या खेळाला आपल्या देशात बराच काळ झाला आहे, आणि त्याचे एक बीज मुंबईत पडले होते, हे तुम्हांला सांगावयास मला आनंद वाटतो. १९६२ साली मुंबईत अखिल भारतीय प्रतोदांची चौथी परिषद भरली होती. विद्यार्थ्यांकडून अभिरूप संसद भरविण्याची शिफारस त्या परिषदेने केली आणि १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून ती योजना सुरू झाली. अमेरिकेत तर १९३८ पासून शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हा प्रकार चालत आला आहे. तेथे विद्यार्थी स्वतः विधेयक लिहून आणतो. ते एका पृष्ठात बसावे लागते, ओळींना क्रमांक असतात, आणि कायद्यातील संदिग्ध शब्दांचा अर्थ काय, अंमल कोणते खाते करणार, कायदा कोणत्या तारखेपासून लागू होणार, हे त्या एका पृष्ठावरच सांगावे लागते. मग एक वक्ता बाजूने, एक विरुद्ध, अशी मोजून तीन-तीन मिनिटांची भाषणे होतात. एका पृष्ठाचे हे बंधन मला अतिशय आवडते; आमच्याकडे काही विधेयके शंभर पृष्ठांची असत आणि अंमल कोणी करावयाचा हे तरीही सापडत नसे.

पण दिल्ली आणि अमेरिका दूर राहिल्या; या बीड जिल्ह्याच्या मातीत तुमच्या आजच्या खेळाला जो अर्थ आहे, तो तेथे नाही. माझे आजोबा निजामाच्या अमदानीतले. कायदा म्हणजे हैदराबादेहून निघालेले फर्मान, ते जरीद्यात, म्हणजे राजपत्रात, उर्दूत छापले जावयाचे, आणि तहसील कचेरीतील एखाद्या कारकुनाने दया केली तरच त्याचा अर्थ आमच्या आजोबांसारख्या कुणब्याला कळावयाचा. असा तो काळ. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली, १९५२ साली प्रौढ मताधिकाराने निवडलेली पहिली विधानसभा हैदराबाद राज्यात बसली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, परंतु त्या दफ्तरातले शब्द मात्र आपण ठेवून घेतले. मंजूर, नामंजूर, तहकूब, हरकत, दुरुस्ती: आज दुपारी या मंडपात हे सारे शब्द तुमच्या तोंडून मी ऐकले. त्यांतला 'मसुदा' हा शब्द तर माझ्या पोटापाण्याचा. त्याचे मूळ अरबी. काळे करणे असा त्यातील धातूचा अर्थ. आपण 'पांढऱ्यावर काळे' म्हणतो, तेच ते. ज्यांच्या आजोबांना पांढऱ्यावरचे काळे वाचून दाखवावे लागत असे, त्यांची नातवंडे आज ते काळे स्वतःच्या हाताने करीत होती, हे पाहून माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा कंठ दाटून आला असल्यास नवल नाही.

कौतुक झाले, आता तुमच्या मसुद्याची तपासणी. सवय जात नाही, मुलांनो.

तुमच्या विधेयकाचे चौथे कलम म्हणते, 'या कायद्याचा सर्व खर्च शासन करील.' हे वाक्य मी माझ्या नोकरीत अगणित वेळा लाल शाईने अधोरेखित केले आहे. शासन म्हणजे कोण, आणि त्याने कोणाच्या खिशातून करावा? या प्रश्नाला उत्तर देणारे एक थोर उदाहरण आपल्या राज्यात घडले आहे. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. माझी आई खडी फोडण्याच्या कामावर जात असे; दुपारी मुलांना सुकडी मिळे, आणि घरी तांबड्या मिलोच्या भाकरी होत, ज्यांची चव आठवली की अजूनही घशात खरखर होते. त्या वर्षी माणसे जगली, याचे एक कारण असे, की सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे, जे आपल्या विधान परिषदेचे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे सभापती होते, त्यांनी 'मागेल त्याला काम' ही कल्पना १९६५ पासून धरून ठेवली होती, तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला होता, आणि दुष्काळ आला तेव्हा ती राज्यभर लागू करता येईल इतकी तयार झालेली होती. परंतु योजनेचे रूपांतर कायमच्या हक्कात करावयाचे, तर पैसा कायमचा हवा. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, शहरातील पगारदाराच्या पगारातून कपात होऊ लागली, आणि त्यातून जमा होईल तितकीच रक्कम राज्याने स्वतःची घालावी असे ठरले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. पुढे २००५ साली साऱ्या देशाने तसा कायदा केला. पुढील काळात माझ्या पगारपत्रकावर ती किरकोळ कपात दरमहा दिसे, आणि खडीच्या ढिगावर बसणाऱ्या माझ्या आईसारख्यांची मजुरी कोठून येत असेल याचा उलगडा मला त्या एका ओळीत होई. तेव्हा कलम चारमध्ये एक वाक्य घाला: पैसा कोण देणार. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या उसावर टनामागे दहा रुपये घेण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारलेले आहेच. तेथून प्रारंभ करता येईल.

आता पाचवे कलम, ज्याला सर्वाधिक टाळ्या पडल्या: 'जो पालक आपल्या पाल्यास शाळा बुडवून फडावर नेईल, त्यास पाचशे रुपये दंड होईल.' दंडाला माझी तात्त्विक हरकत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास त्यांनीही दंड ठेवला होता. पण त्या पालकाचे घर आणि शाळा एकाच गावात होती. तुमच्या विधेयकातल्या पालकाचे तसे नाही. दसरा उलटला की मुकादम येतो, उचल अगोदरच घेऊन खर्ची पडलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, ट्रकात भांडीकुंडी, जळण, शेळी आणि पोरे भरून टोळी निघते ती कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात. पहाटे थंडीत कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, उठून आईबाप फडात शिरतात. उचल फिटल्याशिवाय परतता येत नाही, आणि एक दिवस कामावर न जाणे म्हणजे खाडा, त्याची वजावट वेगळी. अशा माणसाला तुम्ही दंड करणार, तर तो दंडही तो मुकादमाकडूनच उचल घेऊन भरील.

याच कलमावर विरोधी बाकावरील एका लहानखुऱ्या मुलाने उभे राहून विचारले होते, 'ताई शाळेत राहिली, तर धाकटीला कोपीवर सांभाळायचं कोणी?' त्यावर मंत्रिमहोदयांनी 'सन्माननीय सदस्यांनी सभागृहाचा वेळ दवडू नये' असे उत्तर दिले, सभागृह हसले, अध्यक्षांनी टोल दिला, आणि तो मुलगा खाली बसला. मुलांनो, मी अनेक वर्षे अधिकाऱ्यांच्या कक्षात बसून दोन्ही सभागृहांतील भाषणे ऐकली आहेत. आजच्या दीड तासातले सर्वोत्तम भाषण ते होते, आणि ते एका वाक्याचे होते. अभिरूप विधानसभेत बाक चिठ्ठ्या टाकून वाटतात, स्वतःला न पटणारी बाजूही मांडावी लागते, हे मी जाणतो. पण तो प्रश्न चिठ्ठीतून आलेला नव्हता. तो त्याच्या घरातून आलेला होता. त्याचे उत्तर दंडात नसून व्यवस्थेत आहे: गावात हंगामी वसतिगृह हवे, कारखान्यावर साखरशाळा हवी, आणि फडाच्या कडेला तान्ह्या पोरांसाठी पाळणाघर हवे. या मुलांसाठी २०२१ साली राज्यातील ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहे मंजूर झाली आणि त्या योजनेला संत भगवानबाबांचे नाव दिले गेले, ते अशाच प्रश्नांच्या रेट्याने.

पराभूत सूचनेला कमी लेखू नका, हे सांगताना मला नामदार गोखले आठवतात. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती संयमाची, तर सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी, आणि तीही तयारी असलेल्या स्थानिक संस्थांनी पूर्वपरवानगीने, सक्ती करावी. विधेयक लोकमत अजमाविण्यासाठी प्रसृत झाले, वर्षभर अभिप्राय येत राहिले, आणि मार्च १९१२ मध्ये ते प्रवर समितीकडे पाठविण्याचा प्रस्तावच १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाला. गोखले १९१५ मध्ये निवर्तले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यापुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली. आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणाचा हक्क अंमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. नव्याण्णव वर्षे! आज तुम्ही ज्या वर्गात बसता, त्याच्या पायात त्या तेरा मतांचा दगड आहे.

आता अखेरचे निवेदन. मंडपात येण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी मला शाळा दाखविली. नववीच्या वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात, तुमच्या सर्व शाळांत असतो तसा, 'पट' आणि 'उपस्थिती' असा चौकोन आखलेला होता, आणि त्या दोन आकड्यांमधील अंतर पाहून मी थबकलो. पौष महिना चालू आहे. त्या वजाबाकीतली मुले आज ऊस मोळीत बांधताहेत, वाढे गोळा करताहेत, किंवा धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन कोपीच्या दारात बसली आहेत. ज्यांच्या शिक्षणाचे विधेयक तुम्ही आज एकमताने संमत केले, त्यांच्यापैकी एकही जण ते मांडले जात असता या सभागृहात हजर नव्हता. हा दोष तुमचा नव्हे. मुंबईच्या ज्या मोठ्या सभागृहाची तुम्ही नक्कल केली, तेथेही बहुधा असेच घडते, आणि नक्कल इतकी हुबेहूब उतरली याबद्दल मी तुमचे अभिनंदन करू की खेद मानू, हे मला ठरविता आलेले नाही.

प्रमुख पाहुण्याला मताधिकार नसतो. परंतु अध्यक्ष महाराजांची परवानगी असेल, तर माझी एक सूचना कार्यवृत्तात नोंदवून घ्यावी. या विधेयकाचे तिसरे वाचन आज झाले असे न मानता ते तहकूब करावे. विधेयक लोकमतासाठी प्रसृत करावे. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतून बैल दावणीला बांधले गेले, की फडावरून आलेल्या वर्गबंधूंची आणि भगिनींची एक प्रवर समिती नेमावी, आणि तिचे प्रमुखपद त्या उन्हाच्या बाकावरील लहानखुऱ्या सदस्यांकडे द्यावे. समितीने केवळ पाचवे कलम पुन्हा लिहिले, तरी पुरे. त्या दिवशी पाहुणा, हार, नारळ, शाल यांतले काही नको. फळ्यावरचे दोन आकडे सारखे झाल्याचे एक पोस्टकार्ड मात्र मला पाठवा, मी स्वखर्चाने घाट चढून येईन आणि प्रेक्षकांत मागे बसेन.