अधूनमधून झटका देणारी गाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चौघीपाचजणींनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या गाडीचे शेवटी काय निघाले हो?" तेव्हाच चिटणीसबाईंनी ठरवून टाकले, की यंदा माझ्याकडून लोणची-मसाले नकोत, गाडीच सांगा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे गाडीच्या भागांची नावे गॅरेजात जशी बोलतात तशीच मी सांगणार आहे. पण दुखणे ओळखण्याची रीत आपल्या घरातलीच आहे, म्हणून ती सांगायला मला संकोच वाटत नाही.

आमची गाडी आपोआप गिअर बदलणारी आहे. यजमानांच्या डाव्या गुडघ्याला क्लच दाबणे जमत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही ती जुनी घेतली. पुढे मीही तीच शिकले. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा तासगावहून मिरजेला डायलिसिससाठी न्यावे लागते आणि बहुतेक फेऱ्या माझ्याच असतात. परतताना त्या गळून गेलेल्या असतात, हाताला पट्टी असते. अशा वेळी चालत्या गाडीने मागून कोणी लाथ मारावी तसा झटका दिला, तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. गेल्या आषाढात गाडीने तसे सुरू केले. कधी द्यायची, कधी आठ दिवस द्यायची नाही.

आता ही गाडी गिअर बदलते कशी, ते थोडक्यात सांगते. त्याशिवाय पुढचे कळणार नाही. अशी गाडी काही काल-परवाची नव्हे. अमेरिकेत 1939 साली जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाचा असा गिअरबॉक्स आणला आणि 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो बसवला. आमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक बंद डबा आहे. त्यात दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिन एक पंखा फिरवते आणि तेलाच्या जोराने दुसरा फिरतो. पुढे गिअरबॉक्सात प्लेटांचे गठ्ठे असतात. तेलाचा दाब आला की गठ्ठा आवळला जातो, दाब गेला की सुटतो. एक गठ्ठा सोडायचा आणि त्याच क्षणी दुसरा धरायचा, याचेच नाव गिअर बदलणे. किती दाबाने धरायचे हे तेलाच्या वाटेवरचे सोलेनॉइड ठरवतात, आणि सोलेनॉइडना हुकूम सोडतो एक छोटा संगणक. त्याला माहिती पुरवतात सेन्सर. इंजिनाकडून शक्ती किती वेगाने आत येते हे एक सांगतो, चाकांकडे किती वेगाने जाते हे दुसरा.

सेन्सरची बातमी मध्येच तुटली, की संगणक गोंधळतो. दाब कमी पडला तर प्लेटा घसरतील आणि जळतील, ही त्याला भीती. म्हणून तो सगळा दाब एकदम सोडतो. दिवे गेल्यावर भरलेली कळशी घेऊन चालणारी बाई ती जरा जास्तच घट्ट धरते, तसेच हे. त्या घट्ट धरण्याचाच आपल्याला झटका बसतो. फारच बिनसले, तर गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते आणि तशीच रडतखडत घरापर्यंत आणते. म्हणजे झटका बसला म्हणून गिअरबॉक्स आतून मोडला, असे समजू नये. पुष्कळदा तो स्वतःला सांभाळत असतो.

आम्ही प्रथम एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. तिथल्या मुलाने गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "काही नाही, छान चालते." त्या दिवशी ती खरोखरच छान चालली. दुखणाईत डॉक्टरांपुढे बसला की खोकला थांबतो, त्यातलेच ते. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्कॅनर लावला, काहीतरी पाहिले, पुसून टाकले आणि गिअरबॉक्स बदलावा लागेल म्हणून सांगितले. अंदाज एक लाख साठ हजारांचा. काय पाहिले हे कागदावर लिहून मागितले, तर म्हणाले, "आता ते निघून गेले." मला त्याचा राग आला आणि अजूनही येतो. रोग्याचा ताप मोजायचा, आकडा न लिहिताच थर्मामीटर झटकायचा आणि वर शस्त्रक्रिया सांगायची, याला काय म्हणावे?

पाळीचा ताप असला की आपल्या आया काय करत? कधी चढला, कधी उतरला, आदल्या दिवशी काय खाल्ले, सगळे मनात धरून ठेवत. मी तेच वहीत केले. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने घेतली. प्रत्येक फेरीला लिहायचे: गाडी किती वेळ चालली होती, कोणता गिअर बदलताना झटका आला, ऊन होते की पाऊस, ए.सी. चालू होता का, गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर थांबला का. हे चालवता चालवता लिहायचे नाही हो! गाडी कडेला घेऊन, नाहीतर घरी आल्यावर. सासूबाई मागे बसून "हं, आता दिला," म्हणून सांगत, त्याचाही मोठाच उपयोग झाला.

एकवीस दिवसांत अकरा फेऱ्या झाल्या आणि झटका आला पाच वेळा. चार वेळा पाऊस होता. पाचव्या वेळी लख्ख ऊन होते, तेव्हा माझा तर्क कोसळला असेच मला वाटले. मग यजमानांनी आठवण करून दिली, की आदल्या संध्याकाळी गाडी धुवायला दिली होती आणि त्या पोऱ्याने बॉनेट उघडून आतही पाण्याचा फवारा मारला होता. ए.सी.चा काही संबंध दिसला नाही. इंजिन तापण्याचाही दिसला नाही, कारण एकदा तर पाच मिनिटांतच झटका आला होता. गिअरही ठरलेला नव्हता. कधी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, कधी चौथ्यातून पाचव्यात. आणि गाडी बंद करून सुरू केली की पुष्कळ वेळ बरी राही.

ती वही घेऊन मी सांगलीतल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून सगळी पाने वाचली आणि म्हणाले, "वहिनी, प्लेटा झिजल्या असत्या तर त्यांनी पाऊस बघितला नसता." किती साधी गोष्ट! झिजलेली वस्तू रोजच त्रास देते, बहुधा एकाच ठरावीक ठिकाणी देते, आणि किल्ली फिरवून ती बरी होत नाही.

तरी त्यांनी पायरी चुकवली नाही. आधी बॅटरी पाहिली. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, चालू केल्यावर 14 च्या आसपास. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी गिअरबॉक्सच्या अंगाला लावून गाडी सुरू करायला सांगितली. अर्थिंगची तार सैल असेल तर तिथे आकडा चढतो, तो चढला नाही. मग तेल. आमच्या गाडीला गिअरबॉक्सचे तेल पाहायची काडी नाही. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक उष्णतेवर आले की खालचा बोल्ट उघडतात. बारीक धार आली म्हणजे पातळी बरोबर. थंड असताना पाहिले तर फसगत होते. तेल गडद झाले होते, पण जळका वास नव्हता.

मग स्कॅनर. या वेळी एक नोंद सापडली. गिअरबॉक्सात शिरणाऱ्या वेगाच्या सेन्सरची बातमी मधूनमधून तुटते, अशी. मिस्त्रींनी ती आधी माझ्याच वहीत उतरवली. "ही नोंद सेन्सर खराब आहे असं म्हणत नाही," ते म्हणाले, "त्याचा निरोप पोचत नाही एवढंच म्हणते." निरोप न पोचायला निरोप्याही कारण असेल, वाटही असेल.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी दिसत होते. एक इंजिनाचा वेग, दुसरा त्या सेन्सरने सांगितलेला. दोन्ही जवळजवळ सारखे. त्यांनी पंख्यापासून हात दूर ठेवून गिअरबॉक्सकडे जाणारी वायरिंगची जुडी एका जागी हलवली. इंजिनाचा आकडा जागच्या जागी आणि दुसरा एकदम शून्य! हात काढला, पुन्हा आला. तीनदा हलवले, तीनदा तसेच.

कपलर उघडला. आत पाण्याचा ओलावा, रबराची कड फाटलेली आणि दोन पिनांवर हिरवा कळक. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्याला धरतो ना, अगदी तसा. खरवडून भागणार नव्हते, म्हणून दोन्ही टर्मिनले नवी दाबून बसवली आणि रबरही नवे घातले. मग मुद्दाम त्यावर पाणी शिंपडून, जुडी हलवून पुन्हा आकडे पाहिले. शेवटी नोंद पुसली. सगळे मिळून बिल झाले 1,850 रुपये.

तेल जुने होते, ते लगोलग बदलू या असे यजमानांचे म्हणणे. मिस्त्री नको म्हणाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाचा हे कळत नाही. मला ते पटले. दोन महिने, भर पावसाचे, गाडीने एकदाही झटका दिला नाही. मग दिवाळीआधी तेल बदलले. गाडीच्या पुस्तकात ज्या जातीचे लिहिले आहे तेच घातले, कारण दिसायला सगळी लाल असली तरी ही तेले एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सर्वच झटके असे स्वस्तात सुटतात असे मात्र मी म्हणत नाही. गिअर बदलताना आधी इंजिन भुंग्यासारखे एकदम ओरडते आणि मग झटका येतो, एकाच गिअरला नेमाने येतो, गाडी तापली की वाढतो, तेल काळे आणि जळक्या वासाचे, चेंबरमध्ये धातूचा कीस. असे असेल तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो. उभ्या गाडीत डी किंवा आर लावताना खालून धपकन आवाज येत असेल तर इंजिनाचे माउंटिंगही तुटलेले असू शकते.

आणखी एक. आपल्याकडे 2014 साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून ए.एम.टी. नावाचा स्वस्त प्रकार आला. त्याची रचना निराळी. आत नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबते. त्यात गिअर बदलताना थोडा हिसका जाणवतो तो स्वभावच आहे, त्याला आजार समजू नये. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांनी माझी गोष्ट जशीच्या तशी लावू नये.

रस्त्यात झटका आला तर घाबरून चालत्या गाडीत दांडा न्यूट्रलला ओढू नका. पाय हलका करा, गाडी कडेला घ्या, पूर्ण थांबवा, मग बंद करून मिनिटभराने सुरू करा. त्याने बरे वाटले तरी वहीत लिहा.

कोणाला आपल्या गाडीविषयी विचारायचे असेल तर चहा होईपर्यंत मी इथेच आहे. वहीही आणली आहे. दुधाच्या हिशेबाची पाने तेवढी वाचू नका.