कौल आणि कान

वेळणेश्वरहून आमच्या बचतगटाच्या वतीने आम्ही बोलतो आहोत.

मागच्या कार्यक्रमानंतर एका श्रोतीने विचारलं होतं, "आपण अडल्यावर देवाला कौल लावतो. ख्रिस्ती बायका काय करतात हो?" प्रश्न साधा, पण उत्तर शोधायला आम्हांला चार बैठका लागल्या.

कौल आपल्याला नवा नाही. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला लावलेली कळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. विहीर कुठे खणावी, सोयरीक जुळवावी की नाही, सगळं तिथे विचारलं जातं. ख्रिस्ती धर्मात अशी कळी नाही. तिथे प्रार्थना आहे, बायबल आहे, मंडळीतल्या जाणत्यांचा सल्ला आहे आणि स्वतःचं मन आहे. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात म्हटलंय की ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने ते देवाकडे मागावं, देव मागणाऱ्याला टाकून बोलत नाही. मागायचं ते शहाणपण, हे आम्हांला विशेष वाटलं. राजा शलमोनाची गोष्टही तीच. देवाने हवं ते माग म्हटल्यावर त्याने धन मागितलं नाही, दीर्घायुष्य मागितलं नाही. बरंवाईट ओळखणारं मन मागितलं. आणि त्यानंतर बायबलात त्याचा जो पहिला न्यायनिवाडा सांगितलाय, तो एका लेकरासाठी भांडणाऱ्या दोन बायकांचा! म्हणजे परीक्षा बायकांच्याच तंट्यात झाली.

आता लक्ष्मीबाई टिळकांचं सांगतो. नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले, जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आपल्या वेळणेश्वराला कुलदैवत मानणारी कितीतरी गोखले घराणी आहेत, त्यामुळे हे आडनाव ऐकलं की आम्हांला त्या देवळाच्या पायरीवरच्या वाटतात. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने दिलेला नवा करार वाचता वाचता त्यांचा शोध सुरू झाला होता. पण शोध नवऱ्याचा होता. जमीन फाटली ती बायकोच्या पायाखाली. पदरात लहान मुलगा, आणि समाजाच्या लेखी नवरा जिवंत असून नसल्यासारखा.

लक्ष्मीबाई काही काळ पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळं वेगळं, चूल वेगळी. नवरा देवमाणूस, बोलणारा, कवी. त्याने म्हटलं म्हणून ही लगेच त्याच्या मागे गेली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं. ती गेली नाही. आणि नातेवाईक म्हणतात म्हणून कायमची दूरही राहिली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, माणसाने केली असं तिला पटलं, आणि तिने कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. हा निकाल तिचा तिने लावला. मग 1900 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं! आमच्या गटातली एक म्हणाली, "एवढा वेळ आपल्याला कोण देतंय?" तिचं म्हणणं खरं आहे. लक्ष्मीबाईंनाही कोणी दिला नव्हता, त्यांनी तो काढून घेतला.

पंडिता रमाबाई तर याहून कडक. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनीमंडळात राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरुण विधवा, सोबत चिमुरडी मनोरमा, परका देश, राहणं-जेवण त्या भगिनींच्या आधारावर. अशा वेळी बाई मिंधी होते, समोरचा म्हणेल त्याला मान डोलावते. रमाबाईंनी डोलावली नाही. धर्मगुरू सांगतात म्हणून अमुक माना, असं म्हटलं की त्या विचारायच्या, हे बायबलात कुठे आहे? चेल्टनहॅमला त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी लेखी वाद घातला. ज्या भगिनीला त्या आईच्या जागी मानत, तिच्याशीही त्यांची पत्रांतून खडाजंगी झाली. नातं तुटलं नाही, हेही सांगायला हवं.

आणि तरी पुढे त्यांनीच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना उमगलं, धर्म मिळाला होता पण ख्रिस्त अजून मिळायचा होता. एवढी विदुषी, पण विचारणं थांबलं नव्हतं.

त्यांना पुढचा मार्ग दिसला तो दुष्काळात. त्यांचे स्वतःचे आईवडील उपासमारीने गेलेले. 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यांच्यासाठी.

हे सगळं आज कशाला, तर आमच्या आसपास दिसतं म्हणून. कोणीतरी येतं आणि म्हणतं, "तुझ्यासाठी देवाने मला सांगितलंय." औषध बंद कर, सुनेला माहेरी पाठव, इतके पैसे आणून ठेव. असे लोक कुठल्याही एका धर्मात नाहीत, सगळीकडे आहेत. आमच्या माहितीतल्या एका बाईने अशा सांगण्यावरून साखरेच्या गोळ्या सोडल्या आणि पाय गमावण्याची वेळ आली. ती अडाणी नव्हती, दहावी पास होती. पण देवाचं नाव पुढे आलं की उलटा प्रश्न विचारणं पाप वाटतं. रमाबाई त्या जागी असत्या तर पहिला प्रश्न हाच आला असता: तुम्हांला सांगितलं, मग मला का नाही सांगितलं? आम्हांला हा प्रश्न इतका आवडला की परवा बैठकीत नवऱ्यांवरही वापरून झाला. असो, ते वेगळं प्रकरण.

ख्रिस्ती बायकांना प्रार्थनेत देव बोलतो असं वाटतं, त्यांची ती श्रद्धा आहे, आम्ही तिचा मान राखतो. पण या दोघींनी ऐकलेलं पारखून घेतलं: वाचून, विचारून, वाट बघून. कान देवाकडे आणि डोकं आपल्याच खांद्यावर.

रमाबाईंनी तर याच्यासाठी शेवटची वर्षं घातली. खेड्यातल्या बाईला बायबल दुसऱ्याच्या तोंडून नव्हे, स्वतः वाचून कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते सोप्या मराठीत आणलं. छापलं केडगावलाच, मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्या बायकांनी. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचनालयातून आणून आम्ही शनिवारी पाळीपाळीने मोठ्याने वाचतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही यावं. हसू इतकं येतं की दुपारची झोप आपोआप उडते.