स्वभाव की ग्रंथी?

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण म्हणावे तर सातवीपर्यंतचे. तरीही ‘शरीरातील हार्मोन्स’ हा विषय चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविला, त्याचे कारण आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. माझ्या धाकट्या नणंदेच्या दुखण्यापायी मी दवाखान्याच्या खेपा घातल्या, वाचनालयातून पुस्तके आणून वाचली आणि जे उमगले नाही ते डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा विचारले. त्यातून जे पदरात पडले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवते.

आपल्या शरीरात निरोप पोचविण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक मज्जातंतूंची. ती टेलिफोनसारखी, चटका बसला की हात तत्काळ मागे येतो. दुसरी तऱ्हा टपालाची. शरीरातील काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. ते रक्त साऱ्या अंगभर फिरते, पण ज्याच्या नावचे पत्र असेल तोच अवयव ते उघडतो. या रसांना हार्मोन, आपल्या भाषेत संप्रेरक म्हणतात. हे नाव लंडनच्या स्टार्लिंग नावाच्या शास्त्रज्ञाने 1905 साली रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चेतविणे’ असा आहे. साखर आवरणारे इन्सुलिन हे हार्मोनच, आणि पाळीचे चक्र चालविणारेही हार्मोनच. सगळ्यांविषयी बोलायला रात्र पुरणार नाही, म्हणून मी एकाच ग्रंथीविषयी बोलते. ती म्हणजे गळ्यातली थायरॉईड, अर्थात अवटू ग्रंथी.

ही ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची असून तिचे वजन साधारण वीस ग्रॅम असते. पण काम केवढे! शेगडीची आच कमीजास्त करावी तशी ही शरीराची आच ठरविते. आच मंदावली की सगळेच मंदावते. थकवा येतो, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, कातडी कोरडी पडते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाळीत अंगावर जास्त जाते, आवाज घोगरा होतो, मन उदास राहते. आच भडकली तर उलट प्रकार. छाती धडधडते, हात कापतात, खाऊनपिऊन माणूस वाळते, उकाडा सोसत नाही, आणि क्षुल्लक गोष्टीवरून राग येतो.

मग ही आच कोण सांभाळते? मेंदूच्या खालच्या बाजूला वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे. रक्तात थायरॉईडचा रस कमी पडला की ती टी.एस.एच. नावाचा हुकूम धाडते. रस पुरेसा झाला की हुकूम आवरता घेते. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरले की तरंगता गोळा नळ बंद करतो, तसेच हे. म्हणूनच तपासणीच्या कागदावर टी.एस.एच. वाढलेले दिसले तर ‘थायरॉईड जास्त झाले’ असे समजू नये. बहुधा ते कमी पडलेले असते. कामाची बाई हलेना की मालकीणबाईंचा आवाज चढतो, तशातली ही गत.

आता माझ्या नणंदेची हकीकत सांगते. तिच्या परवानगीनेच सांगते आहे. पहाटे उठून साऱ्या घराचे डबे करणारी ही मुलगी छत्तिसाव्या वर्षी भाकरी थापता थापता टेकून बसू लागली. वजन वाढले. वैशाखात पंखा नको म्हणायची. ‘अंग चोरते’, ‘बसून खाऊन सुटली’, असे सासरी बोलले जाऊ लागले. एका दवाखान्यात शक्तीच्या गोळ्या देऊन बोळवण झाली. असे दीड वर्ष गेले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचा घोगरा आवाज ऐकला, गळ्याला हात लावून पाहिला आणि रक्त तपासायला पाठविले. थायरॉईड मंदावली होती. रोज सकाळी एक लहानशी गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत ती पूर्वीसारखी हिंडूफिरू लागली. परंतु भगिनींनो, थकवा गोळीने गेला. लागलेले बोल कोणत्याही गोळीने जात नाहीत. ते शब्द ती अजून विसरलेली नाही.

या गोळीची कथा मला फार आवडते. इंग्लंडात न्यूकॅसल येथे 1891 साली जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांकडे शेहेचाळीस वर्षांची एक बाई आली. सुजलेली, मंदावलेली, थंडीने काकडणारी. त्यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून तिला टोचला, पुढे तो पोटातून दिला. बाई सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगून 1919 साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. अमेरिकेत केंडॉल यांनी 1914 च्या नाताळच्या दिवशी थायरॉईडचा रस शुद्ध रूपात वेगळा काढला. आज तोच रस कारखान्यात तयार होऊन आपल्याला गोळीतून मिळतो.

हा रस तयार होण्यास आयोडीन लागते, आणि इथे आपल्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. हिमालयाच्या पायथ्याशी पावसापाण्याने जमिनीतले आयोडीन वाहून जाते. तिथे गळ्याला गलगंड येणाऱ्यांची संख्या मोठी होती, मुलेही मतिमंद निपजत. डॉ. रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात काही गावांना आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि तिथला गलगंड पुष्कळ घटला. त्यावरून 1962 साली सरकारने देशासाठी योजना आखली. तेव्हा मीठ घेताना पुडा पाहून आयोडीनयुक्तच घ्यावे, झाकणाच्या बरणीत ठेवावे, चुलीजवळ किंवा ओलीत ठेवू नये. उपासाच्या सैंधवात सहसा आयोडीन नसते. ते उपासापुरतेच बरे. मात्र आयोडीन हवे म्हणून मीठ जास्त खाऊ नये. दिवसाला माणशी एक लहान चमचाभर पुष्कळ झाले. आणि मीठ खाऊन प्रत्येकीची थायरॉईड सुधारते असेही नाही. कित्येकींच्या बाबतीत शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. तिथे औषधच हवे.

औषध घेणाऱ्या भगिनींना दोन गोष्टी सांगते. गोळी सकाळी अनशेपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्यापाऊण तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी. बरे वाटले म्हणून आपल्याच मनाने बंद करू नये. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तपासणी कधी करावी हे डॉक्टरांना लवकर विचारावे, कारण पहिले काही महिने पोटातल्या बाळाला आईच्याच रसाचा आधार असतो. बाळ जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याचीही तपासणी करता येते. दोष वेळीच सापडला तर बुद्धीची हानी टळते.

सगळा थकवा थायरॉईडचाच असतो असे मी म्हणत नाही. रक्त कमी असेल, झोप नसेल, मनाला घोर असेल. परंतु चाळिशी उलटली की बाईच्या प्रत्येक तक्रारीवर ‘पाळी जायचे दिवस आहेत’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची रीत पडली आहे. सुनेला आळशी, सासूला तिरसट आणि जावेला नाटकी म्हणण्याआधी एकदा रक्त तपासून पाहावे. तपासणीत काही निघाले नाही तरी नुकसान नाही, आपल्या माणसाची विचारपूस झाली एवढे तरी पदरात पडते.

आपल्या मंडळाने वर्षातून एक दिवस या तपासणीसाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. निर्णय अध्यक्षीणबाईंनी व आपण सर्वांनी घ्यावा.