शिकलेले हातात राहावे म्हणून
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. परंतु माझा मुलगा तारकर्लीच्या बाजूस पाहुण्यांना पाण्याखाली नेतो, आणि तुमच्यापैकी पुष्कळजणींची मुले त्याच धंद्यात आहेत, म्हणून हा विषय घेतला.

बुडालेल्याला वर कसे आणावे, कमरेची शिसे कशी सोडावीत, तोंड पाण्याबाहेर ठेवून होडीपर्यंत कसे ओढीत न्यावे, हे सारे ही मुले एकदा शिकतात. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र बहुधा दोन वर्षे चालते. हात मात्र तितका टिकत नाही. चार-सहा महिन्यांतच विसर पडू लागतो, आणि आपल्याकडे तर पावसाळाभर हे काम बंदच असते!

गेल्या श्रावणात मी मुलापुढे उशी टाकली व म्हटले, करून दाखव. "आये, उशयेर कोण शिकता?" म्हणून हसला, पण बसला. उशीच का, तर शुद्धीवरच्या माणसाची छाती अशी दाबायची नसते. छातीच्या मधोमध तळहात, कोपर ताठ, दाब दोन इंच खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मी घड्याळ घेऊन बसले. वेग बरोबर होता, पण दोन मिनिटांतच खांदे भरून आले व दाब उथळ पडू लागला. म्हणूनच दोन मिनिटांनी माणूस बदलावा असे सांगतात. आता होडीवर दुसरा कोण? तांडेल. मग त्यालाही हे यायला नको काय?

बुडालेल्याला हवाच मिळालेली नसते. म्हणून तो श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग 30 दाब व 2 श्वास असे चालू ठेवायचे. पालथे घालून पोट दाबण्याची जुनी रीत सोडावी. पोटातले वर येऊन फुप्फुसात जाते व मोलाचा वेळ फुकट जातो. किनाऱ्यावरची वडीलधारी मंडळी अजून तेच ओरडून सांगतात. त्यांच्यापुढे पोराला ठाम राहता आले पाहिजे.

होडीवरचे प्राणवायूचे नळकांडेही असेच. आपण गॅसचा वायसर पाहतो, तसा त्याचा वायसर, किल्ली, मुखवटा व काटा दर वेळी पाहावा. मात्र मासळीच्या तेलकट हातांनी नव्हे! तेलाशी गाठ पडली तर तो भडका घेतो. खोलातून भराभर वर आलेल्याचे सांधे दुखू लागले, हातपाय बधिर झाले, तर त्याला आडवे निजवून हाच प्राणवायू द्यायचा असतो, आणि 108 ला फोन करायचा.

मंडळाच्या शिल्लकेतून यंदा दाराला नवी कमान करण्याचे घाटत आहे. कमान पुढच्या वर्षी झाली तरी चालेल. त्या पैशांत दर वर्षी हंगामाआधी एक जाणकार माणूस शिकवण्याच्या पुतळ्यासह बोलवावा, मुलांना, तांडेलांना व आपणांसही बसवावे, अशी माझी सूचना आहे. तोवर पहिल्या रविवारी चार वाजता आमच्या पडवीत या. उशा दोन आहेत, घड्याळ माझे.