दावा मागे घेताना



हैदराबादची पुरानी हवेली. इथं शहराचं दिवाणी न्यायालय भरतं.

समजा, कुणी सरकारवर दावा लावला... पण आधी द्यायची दोन महिन्यांची नोटीसच राहिली. दावा मागे घेऊन नव्यानं येता येईल?

येईल. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 23मध्ये ती सोय आहे.

मात्र आधी न्यायालयाची परवानगी हवी. ती नसेल, तर त्याच प्रतिवादीवर, त्याच विषयाचा दावा पुन्हा लावता येत नाही.

आणि दावा लावायची मुदत? ती थांबत नाही. पहिला दावा जणू लावलाच नव्हता, असं धरून दिवस मोजतात.

तेव्हा पुन्हा एकदा... आधी परवानगी, मग माघार. नव्या दाव्याची मुभा हुकमात आहे ना, हे वाचूनच वादीनं पुरानी हवेलीतून निघायचं.