जाळीचं वजन



प्लॅटिनमच्या रसायनशास्त्रावरची परिषद आणि ती आमच्या तळीये गावात, हे ऐकून महाडच्या स्टँडवर दोघातिघांनी मला खुळ्यात काढलं. आमच्याकडे सोन्याचीच मारामार, प्लॅटिनम कुठलं! त्यात स्वागताध्यक्ष मी, जो बी.एस्सी.सुद्धा नाही. ट्रॉम्बेच्या एका कारखान्यात नायट्रिक ॲसिड प्लांटवर ऑपरेटर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली, एवढीच माझी लायकी. या पट्ट्यातली माणसं मुंबईला गेली ती गिरणीत, गोदीत, खानावळीत. मी ॲसिडात गेलो.

पण प्लॅटिनम मी हातात धरलंय. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी ते मिलिग्रॅमच्या पुढे पाहिलं असेल, शंकाच आहे. आमच्या बर्नरमध्ये प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या तारेची विणलेली जाळी असायची. तार केसासारखी बारीक, आणि अशा जाळ्या एकावर एक रचलेल्या. आम्ही त्याला गॉज म्हणायचो. अमोनिया आणि हवा वरून यायची, जाळीतून जायला सेकंदाचा हजारावा भाग लागायचा, आणि खाली नायट्रिक ऑक्साईड. विल्हेल्म ऑस्टवाल्डनं १९०२ साली याचं पेटंट घेतलं. आज आपल्याच रायगड जिल्ह्यात, तळोज्यात, याच रीतीनं नायट्रिक ॲसिड बनतं. नवी जाळी हायड्रोजनच्या ज्योतीनं पेटवायची. एका कोपऱ्यात ठिणगीएवढा लाल ठिपका, मग तो पसरत जातो आणि साईट ग्लासमधून बघावं तर अख्खी जाळी नऊशे अंशांच्या आसपास केशरी. शिमग्याची होळी मी गावी फार वर्षं चुकवली, पण ही पाहिली.

ही जाळी म्हणजे उत्प्रेरक. शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की उत्प्रेरक क्रिया घडवतो आणि स्वतः तसाच राहतो. परीक्षेपुरतं ठीक आहे. प्लांटवर जाळी बसवताना सिक्युरिटी, अकाउंट्स आणि आम्ही, अशा तिघांसमोर तिचं वजन व्हायचं. काही महिन्यांनी शटडाऊन घेऊन ती काढली की पुन्हा वजन. दर वेळी कमी! त्या उष्णतेत प्लॅटिनमचा ऑक्साईड होऊन वाऱ्यावर निघून जातो. टनभर ॲसिडमागे ग्रॅमचा छोटासा अंश, पण रोज शेकडो टन काढणाऱ्या प्लांटला तो जड जातो. म्हणून खाली पॅलॅडियमची जाळी लावून त्यातलं थोडं पकडायचं, आणि पाइपातली, टाक्यांच्या तळातली धूळसुद्धा झाडून डब्यात भरायची. आमच्या एका फोरमननं झाडूही जाळून राख धातू काढायला पाठवली होती. मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे एका साहेबांनी वापरलेल्या तारेचा सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. गुळगुळीत तार कुठे राहिलीच नव्हती, तिच्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगीर उंचवटे आले होते. आणि गंमत अशी की नवी कोरी जाळी तितकी चांगली चालत नाही, अशी खरबरीत झाल्यावरच ती रंगात येते. मग झिजते, मग संपते. यात माणसासारखं काही दिसत असेल तर तो तुमचा दोष, मी फक्त जाळीबद्दल बोलतोय.

ही झीज सगळीकडे आहे. २०२० साली पुण्यात एनसीएल ही प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनीनं हायड्रोजनवर चालणारी गाडी फिरवून दाखवली. तसल्या गाडीतल्या इंधनघटात प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि लहान कण विरघळून मोठ्यांवर जाऊन बसतात. त्या क्रियेलाही ऑस्टवाल्डचंच नाव आहे. माझ्या जाळीचा पेटंटवाला तिथेही हजर!

कधी कधी ही झीज उपकारही करते. १९६५ साली छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांनी जिवाणूंच्या द्रावात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड घातले, ते काही करणार नाहीत अशा समजुतीनं. पण ते थोडेसे विरघळले, आणि जिवाणूंचं विभाजन थांबलं. त्यातून सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध आलं. आमच्याकडे ‘टाटाला नेलं’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. त्याच परळच्या टाटा रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर अभ्यास झाला, २०१८ साली तो छापून आला. नुसत्या किरणोपचारानं पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या, जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलेल्या ५४ टक्के. शंभरात आठ बायका. मला यापेक्षा मोठं प्लॅटिनम माहीत नाही. ओकाऱ्या आणि मूत्रपिंडाचा त्रास यांचा हिशेब वेगळा, तोही मांडत जा.

ट्रॉम्बेला आमच्या शेजारी भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथे विमल जैन यांनी प्लॅटिनम-पॅलॅडियमची गंधक, सेलेनियम, टेल्युरियमबरोबरची संयुगं आयुष्यभर हाताळली. असा रेणू तापवला की धातू आणि त्याच्या जोडीचं मूलद्रव्य एकदमच मिळतात, पातळ थर किंवा सूक्ष्म कण म्हणून. आज तुमच्यात या वाटेचे पुष्कळ जण आहेत. तुमचे लेख मला वाचता येत नाहीत, पण एक मागणं आहे. पदार्थ पहिल्या दिवशी किती चालतो याच्या बरोबरीनं तो सहाव्या महिन्यात कसा दिसतो, हेही लिहा. आम्ही नुसता पहिला दिवस कधीच मोजला नाही, आम्ही शेवटचाही मोजायचो.

आता तळीयेचं. २२ जुलै २०२१, गुरुवार. वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि इथे आमची कोंडाळकरवाडी डोंगराखाली गेली. ऐंशीपेक्षा जास्त माणसं. पोलादपुरातही दरडी आल्या, महाडात सावित्रीचं पाणी घराघरात होतं, मदतीला रस्ता नव्हता. पाऊस मोजायला तुमचा धातू हजर असतो. आपोआप पाऊस मोजणाऱ्या यंत्रात एक छोटी बादली भरून उलटते आणि दर वेळी एक स्विच टिचकी देतो. त्या स्विचच्या टोकांना बहुधा ऱ्होडियम नाहीतर रुथेनियमचा मुलामा असतो, म्हणजे तुमच्याच प्लॅटिनमच्या भावकीतला. हवेचं तापमान मोजायला प्लॅटिनमची तार असते, शून्य अंशाला शंभर ओहम. माझ्या जाळीचा ग्रॅम हरवला तर तीन खात्यांच्या सह्या लागायच्या. पण हा डोंगर किती वर्षं आतून सुटत होता, त्याचं वजन कुणी केलं नव्हतं. तक्रार म्हणून नाही सांगत. परिषद इथे का ठेवली, हे काल एका मुलीनं विचारलं होतं म्हणून सांगितलं.

आमच्या पाहुणचारात उणीव राहील. खोल्या कमी आहेत, नेटवर्क येतं-जातं, गरम पाणी चुलीवरचं आहे. जेवण साडेबाराला, पंगतीत. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, वालाची भाजी. तिखट चालत नसेल त्यांनी आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

पहिलं सत्र चारला संपेल. त्यानंतर ज्यांना यायचंय त्यांना घेऊन मी वाडीच्या जागेवर जाणार आहे. चढण आहे, चपला मजबूत घाला. तिथे फोटो काढू नका, मोबाईल खिशात ठेवा.